आठशे ग्रॅमचा बत्ता आणि मी

"माझा बत्ता कुणी नेला?" सासूबाई किचनमधून ओरडल्या, तेव्हा बत्ता माझ्या ट्रॅकपँटमध्ये होता.

थांबा, कारण शास्त्रीय आहे! आम्ही परदेशात, त्यात लॉकडाउन लागलं होतं. टॉयलेट पेपरवरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतायत असा व्हिडिओ पाहिला आणि मी ठरवलं, आता कुटुंबाचं रक्षण आपणच करायचं. (टॉयलेट पेपरचं नव्हे. आमच्याकडे पाण्याचा मग आहे.) ऑफिसच्या मीटिंगा म्यूट करून मी एका अमेरिकन दाढीवाल्याचे सत्तर व्हिडिओ बघितले. विषय : कपड्यांखाली दिवसभर बाळगायला सोयीचं पिस्तूल. लहान घ्यावं तर हातात उड्या मारतं, मोठं घ्यावं तर पोटात रुततं! "आधी तेवढ्याच वजनाची वस्तू कमरेला लावून वावरा," दाढीवाला म्हणाला. लाटणं लावून पाहिलं, बसलो की बरगडीत घुसायचं. पितळी बत्ता मात्र बरोब्बर पिस्तुलाएवढा, आठशे ग्रॅम!

"अरे, बदकासारखा काय चालतोयस?" बायको म्हणाली.

"पाठ धरलीय."

"दिवसभर सोफ्यावर बसून? ऊठ, वेंटवर्थव्हिलच्या देशी दुकानात जा. घरात कणीक संपलीय, आईला पोळीशिवाय चालत नाही. परत जायची विमानं बंद आहेत, ती इथेच अडकलीय. रिकाम्या हाताने आलास तर तुझं तू बघ!"

दुकानात आट्याची शेवटची पिशवी. दहा किलो. पलीकडून एक धिप्पाड गृहस्थ तिच्याकडेच येत होता. मी दाढीवाल्याच्या ऐटीत कमरेवर हात ठेवला. "भाईसाब, पहले मैं आया."

"ले लो, मेट. नो वरीज," तो म्हणाला.

(बघितलंत? शस्त्र दिसावंही लागत नाही!)

मी विजयी मुद्रेने वाकून पिशवी उचलली. सत्तर व्हिडिओंत दाढीवाल्याने जुन्या इलॅस्टिकबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बत्ता मांडीवरून घसरला, ट्रॅकपँटच्या पायातून बाहेर पडला आणि ठण्णकन माझ्याच अंगठ्यावर बसला! मी किंचाळलो, पिशवी सुटली, फुटली, पिठाचा ढग उठला. आणि त्या ढगात मी, त्या दिवसांत जे चारचौघांत कुणीच करू नये, ते केलं. खोकलो!

दुकान दहा सेकंदांत रिकामं. "बाहर! बाहर!" फ्रीजमागून मालक ओरडला.

पांढराफटक, लंगडत, पिठाऐवजी बत्ता हातात घेऊन मी घरी आलो आणि सगळं कबूल केलं. कुठलं पिस्तूल सर्वात सोयीचं, तेही सांगितलं.

आमची बारा वर्षांची इरा आयपॅडवरून नजर न हलवता म्हणाली, "बाबा, यू कान्ट कॅरी अ गन हिअर. सेल्फ-डिफेन्स इझन्ट अ रीझन. एव्हरीवन नोज दॅट."

सत्तर व्हिडिओ!

सासूबाईंनी बत्ता धुतला, पुसला, खलात ठेवला.

"पुढच्या वेळी लाटणं न्या," त्या म्हणाल्या. "त्याला आता घरात काही काम नाही."