आई रक्त तपासाले तयार नाही

हे आत्ताच सांगते नाही त माहं डोकं फुटंल. आई आत भाकरी थापून राह्यली, अन् मी इथं बसून टाईप करून राह्यली. चुकलंमाकलं समजून घ्या.

माह्या उंद्रीच्या मामाले लिव्हरचा कॅन्सर निघाला. मामा मास्तर. दारूचा थेंब नाही, तरी गावात कुजबुज, लपूनछपून घेत असंल म्हणे.

डॉक्टर म्हणाले, दारू एक कारण हायेच, पण लिव्हरवरची चरबी, शुगर, बुरशी लागलेल्या शेंगा, अन् हिपॅटायटिस 'बी' नाही त 'सी' नावाची कावीळ, हे पण हाये. मामाले त्यातली 'बी' निघाली. बाळंतपणात ती मायकडून लेकराले येऊ शकते, अन् वर्षानुवर्षं अंगात गपचूप राह्यते. डोळे पिवळे होतीलच असं नाही. असे लय लोक फिरून राह्यले, त्याइले पत्ताच नाही. म्हणून सख्ख्या भाऊबहिणीइले तपासा म्हणे. सख्खी बहीण एकच, माही आई.

आई म्हणते, मले काय झालं? लहानपणी दोघाले संगंच कावीळ झाली होती, तवा आजोबानं माळ घालणाऱ्या बाईकडे नेलं. काड्यांची बारकी माळ डोक्यावर ठेवतात, ती रोज लांबत लांबत खाली उतरते. पायातून निघाली की कावीळ गेली. मामाची माळ छातीपाशीच तुटली, आईची पायातून निघाली. झालं, आईचा हिशोब पक्का.

मी सांगितलं, काड्या वाळल्या की दोरा सैल होते, म्हणून माळ लांबते. अन् ती कावीळ दुसरीच, पाण्यातून होणारी, आपोआप जाणारी असंल. ऐकते कोण!

मंग मी माहंच रक्त तपासलं, म्हटलं आई पाहून तरी येईल. माह्यात काहीच नाही निघालं. त आई खुश, "पाह्य, तुले नाही म्हणजे मलेही नाही." डॉक्टर म्हणाले, असं नसते, मायले असून लेकराले नसू शकते. पण आता माहाच रिपोर्ट ती साऱ्याइले दाखवते.

काल मामानं सोता फोन केला. आवाज पार खोल गेला त्याचा. "ताई, एकदा तपासून घे वं."

आई म्हणाली, "तू आधी बरा हो, मंग पाहू."

आईनं फोन ठेवला अन् तशीच बसून राह्यली. मले तवा कळलं, तिले समजते सारं. भेव वाटून राह्यलं तिले. आता भेवाले काय समजावू मी?

तुमच्या घरी कोणी असं अडून बसलं का कधी? तुम्ही काय केलं? सांगा नं.