चिमाजी पैलवानाचा सोडा

छप्पन सालच्या उन्हाळ्यात चाकणच्या बाजारात एक माणूस सोडा प्यायचा आणि ते बघायला खेडपासून माणसं यायची. त्याचं नाव चिमाजी. मी, मालोजी, तेव्हा कांद्याच्या वखारीत तोलार होतो. वखारीच्या दारातून मला सगळं समोर दिसायचं.

चिमाजी नाणेकरवाडीचा. जत्रांतून कुस्त्या मारायचा. एका फडात गुडघा निखळला तो नीट बसलाच नाही. मग लंगडत दुसऱ्यांची म्हसरं राखू लागला. पूर्वी बाजारात लोक त्याला वाट करून द्यायचे, आता धक्का मारून पुढं जायचे. गुडघ्यापेक्षा हे त्याला जास्त दुखायचं.

त्याच वर्षी पिंपरीच्या उद्धवरावांनी गोटीच्या सोड्याचा धंदा काढला. पिंपरीत औषधाचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता, तिथले कामगार सोडा घ्यायचे. चाकणचा शेतकरी मात्र पाणपोईवर फुकट पाणी पिऊन घरी जायचा. उद्धवरावांनी मोठा फळा रंगवून आणला, पण वाचणार कोण? हलगीवाला लावला, तर लोक हलगी ऐकून निघून गेले.

एका बाजारी चिमाजीनं पैजेवर सहा बाटल्या लागोपाठ रिचवल्या आणि शेवटी असा ढेकर दिला की जवळच्या म्हशी बुजल्या. हां हां म्हणता गर्दी झाली. बघताबघता बघणाऱ्यांचेच घसे कोरडे पडले. अर्ध्या तासात गाडीवर एक भरली बाटली उरली नाही. उद्धवरावांनी तिथल्या तिथं चिमाजीला कामावर ठेवलं.

त्यांनी त्याला लाल फेटा बांधला, लाकडी खोक्यावर उभं केलं. "पैलवान, मधे ढेकर द्यायचा नाही. दाबून धरायचा. सगळ्या बाटल्या झाल्या की एकदाच. लोक त्याच्यासाठीच थांबतात."

पहिल्या बाजारी दहा बाटल्या, पुढच्या बाजारी बारा, मग पंधरा. पोट नगाऱ्यासारखं ताणलं जायचं, डोळे बाहेर यायचे. लोक ओरडून मोजायचे. चिमाजी घामानं निथळत दोन्ही हात वर करायचा, जत्रेत कुस्ती मारल्यावर करायचा तसे. त्या घटकेला तो फार देखणा दिसायचा, हे खरं सांगितलं पाहिजे.

चैत्र सरता सरता त्याला भाकरी जाईना. घास घेतला की पोट धरून वाकायचा. त्याची बायको यशोदाबाई चालत पिंपरीला गेली. पुढं काय झालं ते तिनंच मला सांगितलं.

"मालक, त्यांच्या पोटात जाळ हाय. या बाजाराला ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

उद्धवराव बाटल्या धुवून घेत होते. त्यांनी वरही बघितलं नाही. "यशोदाबाई, मी त्याला बांधून ठेवलाय का? नको असेल तर त्यानं येऊ नये. लंगड्याला उभं राहायला मी जागा दिली. दुसरं कोण देईल, ते बघा."

तिनं घरी येऊन नवऱ्याला विनवलं. चिमाजी खवळला. "मला बघाया माणसं येत्यात, तुला काय कळतंय!"

वैशाखातल्या त्या बाजारी हलगीवाल्यानं सकाळपासून पुकारा केला होता, आज चोवीस बाटल्या. उद्धवरावांनी नवा लाल गोड सोडाही आणला होता. ऊन असं की वखारीतल्या लोखंडी तराजूला हात लावता येईना. सोळा बाटल्या चिमाजीनं नेहमीसारख्या घेतल्या. सतराव्या बाटलीला थांबला. तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं उद्धवरावांकडं बघून नुसती मान हलवली.

"फसवणूक!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले. एक नासका कांदा त्याच्या छातीवर येऊन फुटला. माणसं हसली. चिमाजीनं छाती पुसली, बाटली उचलली आणि पुन्हा प्यायला लागला. अठरा. एकोणीस. विसावी बाटली हातातून सुटली आणि तो खोक्यावरून गुडघ्यावर आला. तोंडातून लाल भडाका बाहेर पडला.

पुढची माणसं मागं सरकली. तेवढ्यात उद्धवराव ओरडले, "लाल सोडा पचला नाही बघा पैलवानाला! चला, लाल सोडा! तुम्हाला पचतो का बघू!"

हशाचा कल्लोळ उठला. मीही हसलो. गाडीभोवती झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीच्या पायांत चिमाजी पडून होता.

यशोदाबाई माणसं ढकलत आत शिरली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, पदर नाकाला लावला. "रगत हाय! आरं, ह्यो सोडा न्हाई, रगत हाय!" हलगीच्या आवाजात ते जवळच्या चौघांनाच ऐकू गेलं. त्यांतल्या दोघांनी हातातल्या बाटल्या आधी संपवल्या.

पुण्याच्या वाटेनं जाणारी बैलगाडी एकच होती, उद्धवरावांची. रिकाम्या बाटल्यांची खोकी पहिल्यांदा चढली. उरल्या जागेत पाय मुडपून चिमाजीला निजवलं.

सरकारी दवाखान्यात त्याचं पोट फाडलं आणि तो वाचला. इकडं उद्धवरावांनी पसरवलं की पैलवान चोरून दारू प्यायचा. लोकांना ते पटलंही. त्यामुळे कुणाला वाईट वाटून घ्यायची गरज उरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चिमाजी, काठीसारखा झालेला, आपणहून पिंपरीला गेला. "मालक, पुन्यांदा उभं करा. थोड्याच पितो, पर उभं करा."

उद्धवराव म्हणाले, "तुला बघून लोकांची तहान मरेल रे."

मी त्याला वखारीत कांदे निवडायला बसवलं. दोन वर्षं तो भिंतीला टेकून चांगले-नासके वेगळे करत असे. मरायच्या थोडे दिवस आधी त्यानं एकदम विचारलं, "मालोजी, त्या दिशी माणूस लई हुतं न्हवं?"

"लई हुतं."

"हसलं का रं माज्यावर?"

"न्हाई गड्या. घाबरली समदी."

तो हातातला कांदा फिरवून बघत राहिला. "तू दारात उभा हुतास. तुजं दात दिसत हुतं मला," म्हणाला, आणि पुन्हा निवडू लागला.