री-काकांची एकच चूक

आमच्या ऑफिसातले री-काका एकही युरोपी भाषा न शिकता पाच-सहा भाषांतली पत्रं वाचायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना, माल सगळा परदेशी जाणारा. काका पत्र हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि आधी 'री' शोधत, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीची R-E ही अक्षरं.

"हे लॅटिनचं पोर हाय," ते सांगत. "अर्थ एक तर मागं, न्हाईतर पुन्हा. युरोपात कुटंबी जा, शब्दाच्या म्होरं बसलेलं दिसतंय." जर्मनांची तक्रार रेक्लामात्सिओन, फ्रेंचांची रेक्लामासिओं, इटालियनांची रेक्लामो, पोलंडवाल्यांची रेक्लामात्स्या. 'री' सापडला की काका आधी तांब्याभर पाणी पीत. "माल परत येणार, न्हाईतर ऑर्डर परत येणार," म्हणत. मग नवी पेठेतून रद्दीच्या भावात आणलेले शब्दकोश उघडून उरलेलं पत्र ताडून काढत. ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत.

कानडीत बायको नवऱ्याला 'री' म्हणूनच हाक मारते. त्यामुळे पॅकिंगमधल्या कानडी बायका त्यांना बोलावताना हसून घ्यायच्या. काकांचे कान लाल व्हायचे, पण नाव त्यांना आवडत असावं.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या फोनवर भाषांतर होतं. काकांनी ते एकदा बघितलं आणि फोन परत दिला. "तक्रार आलीय अन् ह्यो घाबरत न्हाई. मग ह्याला कळलं काय?" मला हसू आलं.

तक्रार आली की काका स्वतः मागापर्यंत जात. त्या वर्षी इटलीहून रेक्लामो आला: टॉवेल विरळ विणलेत. मालकांचा नियम होता, ज्याच्या मागावर दोष, तो त्याच दिवशी घरी. माग नरसय्याचा निघाला. तीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस, साठीला टेकलेला. त्याला दुसरीकडे कोण घेणार?

मी काकांबरोबर गेले. ऑर्डर वाचून त्यांनीच लिहिलेली चिठ्ठी मागाला लटकत होती. इंचाला ४९ धागे. ऑर्डर मीही फोनवर तपासली होती, आकडा तोच होता.

"नरसय्या, वाच की जरा."

नरसय्यानं चिठ्ठी लांब धरली, मग नाकाजवळ आणली. "एकेचाळीस," तो ठामपणे म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली.

काकांनी चिठ्ठी परत घेतली. "बरोबर हाय," म्हणाले, आणि ती खिशात घातली.

मालकांपुढे ते ताठ उभे राहिले. "ऑर्डर मीच चुकीची वाचली. नरसय्यानं मी लिवलं तेच विणलं." मालकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या फोनकडे. त्या दिवसापासून सगळी पत्रं माझ्याकडे आली. काकांना पॅकिंगच्या याद्या दिल्या. मला फार लाज वाटली.

"काका, तुम्ही बरोबर वाचलं होतं की," मी एकदा म्हणालेच.

"व्हय. तू कुणाला सांगू नको."

काका दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला सगळा कारखाना जमला होता. ऑपरेशन होऊन लख्ख दिसायला लागलेला नरसय्या पहिल्या रांगेत बसला होता, अजून त्याच मागावर होता. हार घालून मालक म्हणाले, "री-काकांनी सगळ्या नोकरीत एकच चूक केली, पण काय केली!" सगळे हसले. काकाही हसले.

सगळ्यांत मोठ्यानं नरसय्या हसला.