मागच्यातून तीनशे वजा

माझ्या मुलीची मान मी जवळजवळ तीन महिने घासली. डाळीचं पीठ, लिंबू, शेवटी भांड्याची घासणीसुद्धा. मानेवरचा काळा पट्टा मळाचाच आहे अशी माझी खात्री होती, आणि चौदा वर्षांच्या पोरीला अजून अंघोळ करता येत नाही म्हणून मी तिला रोज बोलत होते. चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी तो पट्टा एका नजरेत ओळखला. "हा मळ नाही. वजन वाढलं की शरीराला साखर झेपत नाही, तेव्हा मान अशी होते," त्या म्हणाल्या. आता मुलगी माझ्याकडे बघेल असं वाटलं. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

वजन अठ्ठ्याहत्तर किलो भरलं. रक्तातली साखर अजून हद्दीच्या अलीकडे होती, पण अगदी काठावर. सहा महिने नीट सांभाळलं तर ही पोर औषधाशिवाय सुटेल, नाही तर या वयात मधुमेह, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मग आमच्या दोघींच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. कोरपन्याहून दर आठवड्याला चंद्रपूर गाठणं जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. काय खाल्लं, किती चाललं ते रोज भरायचं, रविवारी वजन भरायचं, आणि त्या तिकडून बघणार. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवं पान यायचं. नसलं की लाल घंटा.

ॲपला आमचं जेवण काही कळत नव्हतं. बेसनाची पातोडी शोधायला गेलं की ते पास्ता दाखवायचं. आंबाडीची भाजी पालकात भरायची, ज्वारीची भाकर रोटीत. मुलगी हसायची, म्हणायची, "आई, हे ॲप कधी आपल्या इकडं आलंच नाई." पहिला महिना मात्र आम्ही दोघी खरंच इमानदारीनं वागलो. संध्याकाळी सिमेंट कारखान्याच्या रस्त्यानं चालायचो. ट्रक आला की ओढणी नाकाला लावायची, ट्रक गेल्यावर पुन्हा पावलं मोजायची. दोन किलो खरोखर उतरले.

रविवारचं वजन हे माझं काम होतं. तसं तिनंच ठरवलं. काट्यावर उभी राहून ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "तूच पाह्य अन् तूच भर. मले आकडा नको सांगू. पान आलं का घंटा, तेवढं सांग." मग माझा नवरा आणि आम्ही दोघी असे तिघं बुद्धविहारात वंदनेला जायचो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. माझी गावं जिवतीच्या बाजूला डोंगरावर आहेत. तिथल्या लेकरांचं वजन वाढावं म्हणून मला पगार मिळतो, आणि तेही आता फोनमध्येच भरावं लागतं. आमच्या घरात वजन उतरवायचं आणि ऑफिसात वजन चढवायचं, अशी माझी दुहेरी चाकरी चालली होती. डोंगरावर काटा बिघडतो, लेकरू आईबरोबर शेतात गेलेलं असतं, पावसात नाला ओलांडता येत नाही. मग सेविकेचा फोन येतो, "मॅडम, लेकरू नाई आलं, काय भरू?" आणि मी म्हणते, "मागच्यात दोनशे मिळव." बरं असलेलं लेकरू महिन्यात दोनशे ग्रॅम तरी वाढतंच. रकाना रिकामा राहिला तर वरून विचारणा होते, आकडा असला की कोणी काही विचारत नाही. पुढच्या खेपेला लेकरू भेटलं की खरं वजन भरायचं, असं आम्ही ठरवतो. कधी भरतोही. इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी मुलगी मावशीकडे लग्नाला गेली होती. फोनवर घंटा वाजायला लागली, वजन भरा, वजन भरा. मी तांदूळ निवडत होते. हात धुतले, मागचा आकडा पाहिला आणि त्यातून तीनशे ग्रॅम वजा करून भरून टाकलं. हिरवं पान आलं. कुठलाही विचार केला नाही, बोटांना सवयच होती.

पुढच्या रविवारी ती काट्यावर उभी राहिली तर वजन जवळपास दीड किलो वाढलेलं. लग्नाचं जेवण अंगाला लागलं होतं. खरं भरलं असतं तर आलेखात एकदम उभी रेघ चढली असती. ती डोळे मिटून विचारत होती, "काय आलं?" मी मागच्यातून तीनशे वजा केले आणि म्हटलं, "पान." तिनं डोळे उघडले आणि हसली. तेव्हापासून मला थांबताच आलं नाही. एक खोटं झाकायला दुसरं, ही म्हण मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, पण ते असं बिनआवाजी होतं हे माहीत नव्हतं. तासाभरात विहारात पंचशील म्हणायचे, खोटं बोलणार नाही हे चौथं शीलही म्हणायचे. आवाज जराही हलायचा नाही. त्याचीच मला आज जास्त भीती वाटते.

डॉक्टरबाई खूश होत्या. ॲपमध्ये त्यांचा निरोप आला, "फार छान. मध्ये रक्त तपासायचं होतं ते आता राहू द्या, थेट सहा महिन्यांनी या." मी तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला. तो कारखान्यातून पाळी संपवून आला होता, त्यानं पोरीच्या पाठीवर थाप मारली. त्याच आठवड्यात तिनं शाळेचा ड्रेस माझ्या हातात दिला आणि म्हणाली, धुऊन आटला. मी शिवण मोकळी केली.

सहा महिन्यांनी दवाखान्याच्या काट्यावर एक्याऐंशी किलो आले. फोनमध्ये सत्तर होते. साखर हद्द ओलांडून गेली होती.

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला. रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या झाल्या. "हे आकडे भरत कोण होतं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी."

डॉक्टरबाई तिला समजावत राहिल्या. शरीर आपलं असतं, फसवायचं कोणाला, दोन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर कदाचित गोळी टळली असती. ती मान खाली घालून ऐकत होती. मी बाजूच्या खुर्चीवर होते. मला आतून काहीच वाटत नव्हतं. टेबलावर एक पाण्याची बाटली होती, तिचं झाकण नीट लागलं नव्हतं, आणि मी ते झाकण बघत होते. शेवटी डॉक्टरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता वजन आईनंच भरायचं. पोरीच्या हातात द्यायचं नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे." मी हो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. गडचांदूर आलं. मग मी विचारलं, "तुले कधी कळलं?"

"पहिल्यापासूनच. ड्रेस काई खोटं बोलते का?" तिनं गोळ्यांची पिशवी मांडीवर सरळ केली. "पान आलं का तू हासत होती. घरी आल्यावर तू कधी हासतच नाई. म्हणून मी गप्प राह्यली."

"अन् आज काऊन असं सांगतलं?"

"त्याइनं तुह्या ऑफिसात कळवलं असतं त? तूही वजनच भरतं ना फोनमधी. तुह्यी नोकरी गेली असती."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की मी मान हलवली, जणू ते बरोबरच होतं. एका घरातल्या आजाराचा आणि डोंगरावरच्या माझ्या नोकरीचा काही संबंध नाही, एवढंही मी तिला सांगितलं नाही. संबंध होता, म्हणूनही असेल.

त्यानंतरचे तीन आठवडे नवऱ्यानं तिला सोडलं नाही. तो वाईट माणूस नाही, पण घाबरला की टोमणे मारतो. जेवायला बसलं की सुरू. "फोनले फसवलं, शरीर फसते का?" ती खाली बघून जेवायची. मी वाढत राहायचे. भाकर मोजून, भात वाटीनं. रविवारी काट्यावर ती उभी राहायची, मी खरा आकडा भरायचे, घंटा वाजायची. नवरा म्हणायचा, "पाह्य, आता आई भरते त खरं निघते."

तिसऱ्या रविवारी दुपारी तो पुन्हा तेच म्हणाला. माझ्या हातात वरणाची पळी होती. मी म्हटलं, "ती नाई भरत होती. मी भरत होती. पहिल्यापासून."

मोठं धैर्य करून वगैरे बोलले नाही. मीठ संपलं म्हणून सांगावं तसं तोंडातून गेलं. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे नाही, पोरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. खरं सांगते, तिनं माझ्याकडे बघून हसावं अशी माझी अपेक्षा होती.

दवाखान्यात ती रडली नव्हती, बोटाला सुई टोचताना नव्हती, बापाच्या टोमण्यांना नव्हती. आता ताटावर बसल्या बसल्या तिचा बांध फुटला. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं. मी पळी ठेवून तिच्याजवळ गेले तर तिनं माझा हात झटकला.

"मंग तिथी काऊन नाई बोलली?" ती म्हणाली. "मी 'मी' म्हटलं तवा तू बाजूलेच बसून होती ना, आई. तिथी काऊन नाई बोलली?"