दोन बोटांवर बसवलेली चेन

महिन्यापूर्वी सकाळी मी भांडी लावत होते, तेव्हा शेणव्याहून ठमाकाकीचा फोन आला. "ताई, तुमचा मिस्त्री गेला," एवढंच बोलली. गोमा मिस्त्री, आमचा गोमादादा, तिचा नवरा. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, कधीतरी जाणारच, हे काय मला कळत नव्हतं? तरी पहिला विचार आला तो त्याच्या हातांचा. असले हात जाळायचे म्हणजे काय! एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. बाईंच्या तोंडून 'छान' ऐकायला नशीब लागतं, असं पोरं अजून म्हणतात. पण या माणसापुढे मी एकदा अवाक झाले, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सापगावला आमच्या अंगणात माझ्या वडिलांची मोटार आहे, वयाने माझ्याहून मोठी. वडील गेल्यावर तिचं सगळं गोमादादाच बघायचा. मग काचबिंदूने त्याची नजर गेली. शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. लोकांनी कामं देणं बंद केलं. तो मात्र एसटीने यायचा, गाडीवरून हात फिरवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. अशाच एका खेपेला मी गाडी चालू केली तर पुढून खडखड यायला लागली. त्याने बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, टायमिंग चेन ढिली झालीय, बदलायला हवी, मीच बदलतो.

ही चेन इंजिनाच्या पोटात पुढच्या अंगाला असते. खालचं चाक पिस्टन वरखाली करतं, वरचं चाक वॉल्व्ह उघडतं-मिटतं, आणि दोघांचा मेळ चेन सांभाळते. एखादा दात इकडेतिकडे झाला की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकणार, आणि त्या इंजिनाचे वॉल्व्ह-पिस्टन आता कुठेही मिळत नाहीत. म्हणजे गाडी संपलीच. मी तोंडाने हो म्हटलं, पण खोटं कशाला बोलू, गुपचूप मुरबाडच्या एका मेकॅनिकला सांगून ठेवलं की बोलावलं तर ये. गोमादादा मला एवढंच म्हणाला, "ताई, डोळे तुमचे, हात माझे. आन इंजिन चाललं नाय, तर मी परत पान्याला हात नाय लावायचा."

चेन समोर असली तरी तिच्यापर्यंत पोचणं सोपं नव्हे. आधी पाणी सोडलं, रेडिएटर काढला, मग पंखा, पट्टा, आणि मग ती पुली, जिचा नट माझ्या मते देवानेच आवळलेला होता. दादा पान्यावर हातोडीने असे छोटे छोटे ठोके देत राहिला की मला कंटाळा आला, आणि एका ठोक्याला नट मुकाट्याने फिरला. पुढचं झाकण निघालं तेव्हा चेन दिसली, लोंबायला लागलेली. दोन्ही चाकं एकमेकांशी जुळवायच्या मूळ खुणा कधीच झिजल्या होत्या. म्हणून पहिला पिस्टन अगदी वर घेऊन दादाने मला दोन्ही चाकांवर लाल ऑइल पेंटचे ठिपके द्यायला लावले. मग जुनी चेन काढली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी तो हत्यार उचलत नसे. पाने चटईवर मांडून तो घरी गेला.

आणि आमची आई! पंच्याऐंशी वर्षांची, पण खंडेनवमी चुकवेल तर शपथ. पाने पुजले, मग म्हणाली, उघडं इंजिन तरी बिनपूजेचं का राहावं? रॉकेलच्या फडक्याने दोन्ही चाकं लख्ख पुसली, वरचं चाक हाताने फिरेल तेवढं फिरवलं आणि सगळीकडून हळदकुंकू वाहिलं. पेंट पुरता वाळला नव्हता. मी येऊन बघते तर खुणा साफ. आता वरचं चाक खालच्याशी कुठे जुळवायचं, ते सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

दसऱ्याला मी मुरबाडकराला बोलावूनच घेतलं. त्याने बघितलं आणि नकाराची मान हलवली. तेवढ्यात गोमादादा आला. त्याने वरच्या चाकावर बोट ठेवलं, नाकाशी नेलं, हसला. "मावशींनी पूजा केली वाटतं. बरं केलं." मग म्हणाला, पाहुणा आलाय तर त्याला चहा द्या. माझी मान खाली गेली.

त्याने आईकडे विणायची सुई मागितली. प्लग काढून ती पहिल्या भोकात सोडली आणि सुईवर बोट ठेवून हळूहळू गाडी चालू करायचं हँडल फिरवत पिस्टन अर्ध्यावर खाली घेतले, म्हणजे वॉल्व्ह कुठे आपटायला नकोत. मग वरचं झाकण काढून चौथ्या सिलिंडरचे वॉल्व्ह उघडणाऱ्या दोन दांड्यांवर दोन बोटं टेकली. मला म्हणाला, चाक फिरवा, मुंगीच्या पावलानं. एक दांडा उठत होता, दुसरा बसत होता... "थांबा. दोघं सारखे आले." पहिला पिस्टन अगदी वर असतो तेव्हा चौथ्याचे हे दोन दांडे सारख्या उंचीवर येतात, हीच त्याची न पुसणारी खूण. मग सुई बोटाखाली जपत पिस्टन पुन्हा वर घेतला आणि नवी चेन चढवली. हँडलने इंजिन दोन फेरे हाताने फिरवलं, कुठे अडकत नाही ना ते बघत. कुठेच अडकलं नाही. सगळं परत जोडून चावी दिली आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. मुरबाडकर कधीचा उठून चपला काढून उभा होता. मी रडले, आणि ते लपवलंही नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की या माणसाच्या बोटांत देव आहे, जन्मतःच.

तेराव्याला मी शेणव्याला गेले. ठमाकाकी मला घरामागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे सागाच्या दोन ओंडक्यांवर एक भंगारातलं इंजिन होतं, पुढून उघडं. मी विचारलं, हे कुणाचं? काकी म्हणाली, "डागतरनी सांगितलं ना, दोन वर्सांत दिसायचं बंद होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी आनलं. दिसत होतं तवाच डोळ्यांला माझा पदर बांधायचा. रोज खोलायचा, रोज लावायचा. बोलायचा, डोळे गेल्यावर शिकायला बसलो तर घाई होईल."

मी खाली बसून पुलीच्या नटावर हात ठेवला. सहा कोनांपैकी एकही शिल्लक नव्हता, रोजच्या पान्याने सगळा गोल झाला होता. जन्मभर मी पोरांवर ओरडले, अभ्यास करा, अभ्यास करा. अभ्यास म्हणजे काय ते मला त्या पडवीत कळलं.