ज्येष्ठांच्या बॅचची मॅडम

आमच्या योगाच्या बॅचमध्ये एकही माणूस बहिरा नाही. निदान श्रावणापर्यंत तरी नव्हता. गुडघे सगळ्यांचे वाजतात, गोपीनाथरावांच्या छातीत दोन स्टेंट आहेत, पण कान म्हणाल तर ठणठणीत. माझे तर विशेषच. मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून केली. कानांवर पोट भरलेल्या बाईला कुणी "रतनकाकू, ऐकू येतंय ना?" असं विचारलं, की माझं डोकं फिरतं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्याला मी काय करू?

पण गोष्ट माझ्या कानांची नाही, विनिताची आहे.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर दक्षतामॅडमचा योगा स्टुडिओ आहे. 'क्लास' म्हटलेलं त्यांना आवडत नाही, स्टुडिओच म्हणायचं. खालून साजूक तुपाचा वास येत असतो आणि वर आम्ही पोट आत ओढत असतो. तिथे सहा-सात वर्षांपूर्वी एका सकाळी विनिता आली आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसली. मी तिला लगेच ओळखलं. स्टेशनजवळच्या बाजारात मासे विकणारी मनुबाई, तिची ही सून. मनुबाईकडून मी लग्न झाल्यापासून मासे घेते. म्हणजे आमची ओळख नाही, भांडण आहे. दर रविवारी भावावरून होतं आणि त्याशिवाय आम्हा दोघींनाही चैन पडत नाही.

विनिता खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबरोबर बर्फाच्या पेट्या उचलायला लागली. दोन बाळंतपणं आणि त्या पेट्या, दोन्ही मिळून कंबरेने राम म्हटला. डॉक्टरांनी योगा सांगितला म्हणून ती आली. तर पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईंनी आपली मॅट लांब सरकवली आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "वास येतो हो." विनिता घरून डोक्यावरून अंघोळ करून आली होती, केस अजून ओले होते. मी म्हटलं, "वास तुमच्या नाकातच आहे, शिंकरून या." तेव्हापासून त्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. फार सोयीचं झालं.

वर्षभरात विनिताची कंबर बरी झाली. तिथे थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण तिला ते आवडायला लागलं होतं. तिने मला एकदा जिन्यात सांगितलं, "काकू, सगळा दिवस कोणी ना कोणी माझ्याकडून काहीतरी मागतं. गिऱ्हाईक, पोरं, आई, साईनाथ. हा एक तास कोणी काय मागत नाय." आई म्हणजे सासू, आणि साईनाथ म्हणजे तिचा नवरा, रिक्षा चालवतो. पुढे दक्षतामॅडमनीच तिला शिक्षकांचा कोर्स करायला लावलं. बारावी झालेली पोरगी, त्यात संस्कृत श्लोक आणि शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायची. ती बाजारात माशांच्या पाटीवर बसून, सुरमईचे तुकडे करता करता पाठ करायची. एका गिऱ्हाइकाला वाटलं ही आपल्याला शिव्या देतेय, ते तणतणत निघून गेलं. पण पास झाली, आणि झोकात पास झाली.

आणि तरी तिला बॅच मिळेना. मॅट घालायच्या, कुणाचा गुडघा नीट करायचा, कुणाची पाठ सरळ करायची, एवढंच. कारण तिचा आवाज. बाजारात विनिताने "आवो काकू, ताजं बोंबील!" अशी हाक घातली, की पार टोकाचा भाजीवाला वळून बघतो. दक्षतामॅडम तिला समोर बसवून म्हणाल्या, "तुझी आसनं उत्तम आहेत गं. पण योगशिक्षिकेचा आवाज ऐकताना माणूस विरघळला पाहिजे. तुझ्या आवाजाने तो दचकतो." मॅडम वाईट नाहीत. त्या स्वतः इतकं हळुवार बोलतात, की फी वाढल्याचंही माणसाला लवकर कळत नाही.

यंदा पावसाळ्यात संधी आली. आमच्या ज्येष्ठांच्या बॅचच्या मॅडम पुण्याला राहायला गेल्या. दक्षतामॅडमनी विनिताला सांगितलं, आठवडाभर तू घे, शनिवारी मी स्वतः येऊन बसते आणि मग ठरवू. पावसाळ्यात बोटी बंद, पाटीवर सुकट आणि खाडीची मासळी तेवढी, त्यामुळे विनिताला सकाळचा वेळ होता. पण तिकडे मनुबाईंनीही आपलं ठरवलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते. नारळी पुनव झाली, बोटी सुटल्या, की पाटी विनिताने सांभाळायची, पहाटे धक्क्यावरच्या लिलावातून माल आणायलाही तिनेच जायचं. "तवर काय तो तुजा योगा करून घे," असं त्या म्हणाल्या होत्या. सुनेला स्वतःची बॅच मिळाली तर निदान बोलायला तोंड होतं. नाही मिळाली, तर पहाटेचा धक्का आणि दिवसभर बाजार, की योगा कायमचा संपला. हे विनिता जाणून होती आणि मीही.

म्हणून तिने आवाज हळुवार करायचा ध्यास घेतला. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायची. घरीही तसंच बोलायला लागली. "बाळांनो, जेवायला बसता का?" हे ऐकून पोरं घाबरली, धाकटा साईनाथला विचारू लागला की आईला काय झालं. बाजारात ती मंजूळ आवाजात भाव सांगायची आणि गिऱ्हाईक न थांबता पुढच्या कोळणीकडे जायचं. मनुबाईंनी कपाळाला हात लावला. "काय गो, घशान काटा अरकला का?" म्हणाल्या.

सोमवारी बॅच सुरू झाली. विनिता पांढरा कुर्ता घालून समोर बसली, हात जोडले आणि बोलू लागली. म्हणजे ओठ हलू लागले. वर पंखे घरघरत होते, खाली दुकानात मिक्सर चालू होता. मला वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय. शेजारी पाहिलं तर सगळे मान डोलवत होते, म्हणून मीही डोलवली.

आता आमच्या वयाच्या माणसांची एक रीत सांगते. ऐकू आलं नाही तर आम्ही विचारत नाही, शेजारच्याचं बघून करतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याचं बघतो. असं बघत बघत सगळ्यांची नजर पुढच्या मॅटवर जाते, आणि पुढच्या मॅटवर गोपीनाथराव. ते तरुणपणी तालमीत जायचे. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तसं कबूल करतील ते गोपीनाथराव कसले. त्यांनी आपल्या तालमीतलं जे आठवलं ते सुरू केलं. विनिता ताडासन सांगत होती आणि आम्ही पंधरा म्हातारे मांड्यांवर थापा मारत होतो.

पोरगी बिचारी गोंधळली. आसन स्वतः करून दाखवलं, आम्ही माना डोलावल्या, आणि पुन्हा गोपीनाथरावांकडे बघितलं. तिला वाटलं आपलंच शिकवणं चुकतंय, म्हणून ती दुसऱ्या दिवशी आणखी हळुवार झाली. तिसऱ्या दिवशी त्याहून. शुक्रवारी जिन्यात मला म्हणाली, "काकू, मला नाय जमत हो. मी चांगली शिकवते असं मला वाटायचं." डोळे भरले होते. मी तिला धीर दिला, सगळं छान चाललंय म्हटलं. खरं सांगायचं तर ती काय म्हणाली ते मी डोळ्यांवरून आणि ओठांवरून ओळखलं होतं.

शनिवारी दक्षतामॅडम मागे हाताची घडी घालून बसल्या. सगळा तास आमची तालीम त्यांनी बघितली आणि त्यांचा चेहरा लांब होत गेला. शेवटी शवासन आलं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. आम्ही मिटले. छान वाटत होतं. बराच वेळ छान वाटत होतं. आज भरपूर झोपवतेय असा विचार करत मी एक डोळा किलकिला केला, तर विनिता पांढरीफटक पडली होती. ओठ हलत होते. तिने "हळूहळू उठा" म्हटलं असणार, कोण जाणे कितीदा. आणि पंधरापैकी एकही उठत नव्हता, कारण डोळे मिटल्यावर बघणार कुणाकडे?

मी उठायला हवं होतं, पण माझी कंबर आडवी झाली की तिचं तीच ठरवते. तेवढ्यात विनिताची नजर गोपीनाथरावांवर गेली. तोंड उघडं, हात पसरलेले, हालचाल नाही. छातीत दोन स्टेंट. तिने तिथूनच धाव घेतली आणि असा आवाज काढला, की खालचा मिक्सर बंद झाला.

"ओ गोपीनाथकाका! उठा वो! डोलं उघरा! काका!"

पंधराच्या पंधरा एकदम उठून बसलो. गोपीनाथरावसुद्धा. त्यांनी तोंड पुसलं, इकडेतिकडे बघितलं आणि खणखणीत विचारलं, "संपलं का? अगं, मग सोमवारपासून अशी का नाही बोललीस? आज पहिल्यांदा ऐकू आलं मला!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मलाही." मग आणखी एक. मी गप्प राहणार होते. एवढी वर्षं जपलेली अब्रू. पण ती पोरगी मध्ये उभी होती, मॅडमकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती, आणि मला माझाच राग आला. मी म्हटलं, "दक्षतामॅडम, तुमचंसुद्धा मला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं."

मॅडमना हसू आवरेना. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. मग त्यांनी पुढे येऊन एक मॅट अंथरली आणि त्यावर आडव्या झाल्या. मोठ्याने म्हणाल्या, "विनिता, शवासन परत घे. तुझ्या आवाजात घे."

"मॅडम, ओरडून शवासन कसं घेऊ?"

"ते तू ठरव. बॅच तुझी आहे."

विनिता समोरच्या आपल्या जागेवर गेली. मग आम्हाला आडवं केलं आणि बोलू लागली. ओरडली नाही. आवाज लांबवला. "उजवा पाय... सैल सोडा..." एकेक शब्द सावकाश आला, पंख्याच्या वरून, मिक्सरच्या वरून आला आणि माझ्या उजव्या पायापाशी पोचला. नंतर तिने सांगितलं, लहानपणी ती काठावर उभी राहून खाडीतल्या बापाला जेवायला हाक मारायची. तिथे ओरडलं तर वारा खातो, लांबवून बोललं तर पोचतं. मला किती दिवसांनी एखादं वाक्य अख्खं ऐकू आलं होतं. मी पडल्या पडल्या रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बॅच मिळाली, पण पाटी राहिलीच होती. नारळी पुनव चार दिवसांवर आली तेव्हा मी मनुबाईंकडे गेले. विनिताने पाठवलं नव्हतं, मला राहवलं नाही. सुकट घेतली, रीतसर भांडले आणि म्हटलं, "सुनेला पाटीवर बसवण्याआधी एकदा येऊन बघा, ती काय करते."

"निजलेल्या मानसांना काय बगायचा?" मनुबाई म्हणाल्या.

पण आल्या. पुनवेच्या आदल्या दिवशी जिना चढून, प्रत्येक पायरीला गुडघ्यांना शिव्या देत आल्या. भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या आणि सुनेकडे टक लावून बघत राहिल्या. विनिताने त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. घाबरली होती, पण आवाज हलला नाही. शवासनाच्या वेळी ती सासूपाशी गेली, हाताला धरून मॅटवर आणलं आणि गुडघ्यांखाली उशी दिली. "मना नको, मी अशीच बरी," असं म्हणत मनुबाई आडव्या झाल्या.

तास संपला. आम्ही सगळे उठलो, मनुबाई उठल्या नाहीत. घोरत होत्या. लग्न झाल्यापासून पहाटेच्या लिलावाला जाणारी बाई भरदिवसा, चारचौघांत गाढ झोपली होती. गोपीनाथराव त्यांना हाक मारायला गेले, तर विनिताने त्यांचा हात धरला. तिने पंखा कमी केला, आम्हाला खुणेने चपला हातात घेऊन जायला सांगितलं आणि सासूच्या पायाशी बसून राहिली. पुढच्या बॅचच्या बायका दारात उभ्या राहिल्या. दक्षतामॅडमही उभ्या राहिल्या. मी गेले नाही, मला शेवट बघायचा होता.

मनुबाईंना जाग आली तेव्हा त्या आधी चिडल्या. "उटवला का नाय मना? बाजार उठला असंल!"

"असू दे आई," विनिता म्हणाली. "तुम्ही इतक्या वर्षांत झोपल्या कधी?"

मनुबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग तिचा खांदा धरून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाटीवर बहिनीची पोर बसवीन मी. तू इकरंच ऱ्हा."