सरावाचा चोर

पोलीस प्रशिक्षण शाळेत त्याला सगळे चोरच म्हणत. हुद्दा शिपायाचा, पण हयात गेली ती सरावासाठी नवशिक्यांकडून स्वतःला पकडून घेण्यात. ते त्याला पालथा पाडत, पाठीवर गुडघा रोवत, हातात बेड्या अडकवत. आणि हा असा काही विव्हळायचा की हसून हसून मैदानाची मुरकुंडी वळायची. "श्वास कोंडला, साहेब! मेलो, मेलो!" घरी पाहुणे आले तरी हेच सोंग. लेक लहानपणापासून टाळ्या पिटत आलेली.

आता ती लेकच तुकडीत होती आणि आज तिची शेवटची परीक्षा. त्याला स्वतःला कधी बढती मिळाली नाही. पोरगी पास व्हावी, एवढ्या एकाच गोष्टीत त्याचा जीव अडकला होता.

मध्यंतरी कुठल्याशा चौकीत पोलीस पाठीवर बसल्यामुळे एक माणूस दगावला. मग वरून नवा नियम आला: पकडलेला माणूस श्वास कोंडला म्हणाला, की त्याला लगेच कुशीवर वळवायचं. वर्गात सगळ्यांनी तो घोकला. पण पालथ्या घड्यावर पाणी! मैदानावर पकड शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "ते परीक्षेच्या पेपरात लिहा. रस्त्यावरचा चोर नाटकं करतो." घरी बापाचाही तोच पाढा. "चोराच्या रडण्याला भुलू नकोस, बाळा. मीच बघ किती रडलोय."

परीक्षेतही चोर तोच. लेकीने त्याला एका झटक्यात लोळवलं. गुडघा बरोबर जागी बसला. त्याचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच उरात कळ उठली. खरी.

"बाळा, ऊठ. श्वास कोंडला."

ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "बाबा, आज फसवायचं नाही हं."

तो धडपडला. धडपडणाऱ्याला आणखी दाबायचं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. तिने दाबलं. मैदान खदखदा हसलं. तो घाबरला, भयंकर घाबरला. खऱ्या वेळेसाठी त्याने वेगळे शब्द राखूनच ठेवले नव्हते.

"मेलो," तो म्हणाला. मग बोटं थोडा वेळ माती चिवडत राहिली आणि थांबली.

"चोर गप्प! याला म्हणतात पकड," उस्ताद ओरडले. "पैकीच्या पैकी!"

लेकीने उठून कडक सलाम ठोकला. "बाबा, पास झाले मी! उठा ना, पुरे आता."

"राहू दे त्याला तसाच, वेळ वाचेल," उस्ताद म्हणाले. "पुढचा कोण?"

पुढचा धावत आला आणि त्याने त्याच पाठीवर गुडघा रोवला.